हिवरगावच्या पवळाबाई

तमाशा हा शब्द मी लहानपणी फक्त एकाच अर्थाने ऐकला होता. पाहुण्यांसमोर हट्ट केला, रडारड केली, की आई दटावायची की इथे तमाशा करू नकोस. शाळा कॉन्व्हेंट, मराठी म्हणजे दिवसातला एक तास. त्यामुळे तमाशा नावाची एक कला आहे, तिला गण, गौळण, लावणी, वग असा रीतसर क्रम आहे, तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं शिक्षण आहे, हे मला कळलं ते इंजिनिअरिंगला आल्यावर. तेही लायब्ररीत नाही, तर आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये! पोळ्या करणाऱ्या मावशी एकदा सहज म्हणाल्या की त्यांच्या गावच्या जत्रेत अजून तमाशा असतो आणि बायकाही बघायला जातात. मी उडालेच. मग शोधाशोध सुरू झाली आणि त्या शोधात मला एक बाई भेटल्या. त्यांची ही गोष्ट.

मित्रमैत्रिणींनो, पुणे-नाशिक हायवेने जा-ये करणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाने हिवरगाव पावसा हे नाव वाचलेलं आहे. कशामुळे? अर्थात टोलनाक्यामुळे! संगमनेर तालुक्यातलं हे गाव. गाडी थांबते, टोल कापला जातो, गाडी पुढे निघते. कानात हेडफोन असतो, डोळ्यांवर झोप असते. आपण कधी विचारत नाही की या गावात काय झालं होतं. याच गावात १८७० साली एक मुलगी जन्माला आली. पुढे तिचं नाव मुंबईपर्यंत गाजलं. नामचंद पवळा म्हणून. पवळा ताबाजी भालेराव हिवरगावकर. पुरुषांच्या तमाशात, भर गर्दीसमोर नाचायला उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात.

इथे एक कबुली देते. या लेखाचा पहिला ड्राफ्ट मी लिहिला तेव्हा सगळीकडे असं लिहिलं होतं, की बापूराव आले, बापूरावांनी गाणं रचलं, आणि पवळा आली, पवळा नाचली. माझ्या रूममेटने वाचून एकच प्रश्न विचारला, की बापूरावांना अहो-जाहो आणि हिला अगं-तुगं, असं का? मला उत्तर देता येईना. जिथे जिथे वाचलं होतं तिथे बहुतेक असंच लिहिलेलं होतं, मीही तेच उतरवलं होतं. म्हणून पूर्ण लेख पुन्हा लिहिला. आता त्या पवळाबाई आहेत आणि शेवटपर्यंत पवळाबाईच राहतील.

पवळाबाईंचा जन्म महार कुटुंबातला. त्या काळात महार समाजाने गावासाठी काय काय करायचं हे ठरलेलं होतं. गावाची हद्द सांभाळायची, सरकारी निरोप पोचवायचे, मेलेली जनावरं ओढून न्यायची, आणि बदल्यात बलुतं म्हणून मिळेल ते धान्य घ्यायचं. घर गावाबाहेर. पाणवठा वेगळा. देवळाच्या आत पाऊल ठेवायची सोय नाही. त्यातून पवळाबाई सहा वर्षांच्या असताना दख्खनचा तो भयंकर दुष्काळ पडला, १८७६ ते १८७८ चा. अहमदनगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) त्यात होरपळून निघाला. ज्यांच्याकडे शेत होतं त्यांचेच हाल कुत्रा खाईना, मग ज्यांचं पोट दुसऱ्याच्या खळ्यावर अवलंबून होतं त्यांचं काय झालं असेल याची आपण फक्त कल्पना करू शकतो.

हिवरगाव पावसा आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे, ती म्हणजे देवगडचा खंडोबा. मोठी यात्रा भरते. खंडोबाला मुली वाहण्याची प्रथा तेव्हा महाराष्ट्रात जोरात होती. देवाशी लग्न लावलेल्या अशा मुलीला मुरळी म्हणायचे. पवळाबाईंनाही लहानपणी मुरळी म्हणून सोडलं होतं, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे सांगतात. मुरळी म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं, म्हणून माझ्यासारख्यांसाठी थोडं सांगते. मुरळीला माणसाशी लग्न करता येत नाही. वाघ्यांच्या सोबतीने तिने जागरणात नाचायचं, गायचं, भंडारा उधळायचा. जागरण होतं कुठे? कुणाच्या तरी अंगणात, ओट्यासमोर, रात्रभर. दिमडी वाजते, घोळ वाजतो, माणसं गोल करून बसतात आणि मधल्या चार हात जागेत मुरळी नाचते. हीच तिची रंगभूमी. आणि याच प्रथेची दुसरी बाजू अशी, की देवाची म्हणवल्या जाणाऱ्या या मुलीवर गावातल्या बड्या पुरुषांना आपला हक्क वाटायचा. म्हणजे नाचाची पहिली शाळा आणि पहिला अन्याय एकाच अंगणात! पवळाबाईंचं आयुष्य समजून घ्यायचं तर हे दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवायला लागतं.

आता त्या काळचा तमाशा कसा होता ते बघू. आपल्याला तमाशा म्हटलं की नऊवारीतली नर्तकी आठवते. पण एकोणिसाव्या शतकातल्या ढोलकीच्या फडात स्त्री नव्हतीच! स्त्रीचं काम करायचा नाच्या पोऱ्या. मिसरूड न फुटलेला एखादा देखणा मुलगा लुगडं नेसून, चाळ बांधून नाचायचा. त्याच्या मागे ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणं आणि झांज घेतलेले झीलकरी. आधी गणपतीचा गण, मग कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची गौळण (ती मावशीसुद्धा पुरुषच), मग सोंगाड्याची बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. वग हा तसा नवा प्रकार. सावळजच्या उमाबाबूंचा मोहना बटाव हा वग १८६५ च्या सुमाराचा, म्हणजे पवळाबाईंच्या जन्माच्या फक्त पाच वर्षं आधीचा. त्याच्याही आधी आपल्या संगमनेरचेच कवी अनंत फंदी (१७४४ ते १८१९) तमाशातून गाजले होते. म्हणजे या मातीला तमाशा काही नवीन नव्हता.

हे सगळं व्हायचं कुठे? ना थिएटर, ना स्टेज, ना पडदा. सुगी झाली की रिकामं खळं, जत्रेत देवळासमोरचं मैदान, पाटलाच्या वाड्यासमोरची मोकळी जागा, नदीचं वाळवंट. मशाली आणि पलिते लावायचे, बैलगाड्या कडेला सोडायच्या, लोक तिन्ही बाजूंनी बसायचे. हलगी आधी जाळावर शेकायची, म्हणजे चामडं ताणलं जाऊन आवाज कडक निघतो. (मटेरियल सायन्सच्या सरांनी हे उदाहरण दिलं असतं तर तो चॅप्टर मला लगेच कळला असता!) माईक नाही, स्पीकर नाही. शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचे ते गळ्याच्या आणि झीलकऱ्यांच्या जोरावर. सकाळी तिथेच धान्य वाळत असायचं, संध्याकाळी तिथेच रंगभूमी उभी राहायची आणि पहाटे पुन्हा ते साधं खळं व्हायचं.

स्त्रिया नाचतच नव्हत्या असं नाही. लावणी गाणाऱ्या, नाचणाऱ्या कलावंतिणी होत्या. पण त्यांची कला बैठकीची, चार भिंतींच्या आतली. दिवाणखान्यात मोजके लोक, तक्के, पानाचं तबक आणि पैसे मोजणारा रसिक. उघड्या मैदानात, शेतकऱ्या-मजुरांच्या हजेरीत, ढोलकीच्या कडकडाटात उभं राहणं हे पुरुषांचं काम मानलं जायचं. स्त्री तिथे हवी असेल तर ती पुरुषाने साकारायची. पवळाबाईंनी ही रेघ ओलांडली. ज्या जागेवर स्त्रीचं सोंग उभं राहत होतं, तिथे खरी स्त्री उभी राहिली.

हे आपल्याला आज किरकोळ वाटेल. पण जरा विचार करा. सोंग घेतलेल्या पोऱ्याला बघून लोक हसायचे, शिट्ट्या मारायचे, आणि खेळ संपला की तो लुगडं सोडून मुलगा व्हायचा. पवळाबाईंना लुगडं सोडून दुसरं कुणी होता येणार नव्हतं. गर्दीतली प्रत्येक नजर खऱ्या बाईवर होती आणि खेळ संपल्यावरही ती नजर संपणार नव्हती. पळून जायला विंग नाही, बंद करायला दार नाही. अशा जागी रात्रभर उभं राहून गर्दीला आपल्या तालावर ठेवायचं म्हणजे नुसतं सौंदर्य पुरत नाही. त्याला आवाज लागतो, पायात ताकद लागते, हजरजबाबीपणा लागतो आणि धाडस तर लागतंच लागतं. आजच्या लावणी कलाकारांच्या पायातल्या चाळांचं वजनच काही किलो असतं. आपण जिमला पायाला वजन बांधून दहा मिनिटं काढतो आणि नंतर दोन दिवस जिने उतरताना रडतो!

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच पिढीतल्या इझाडोरा डंकन (जन्म १८७७) बॅलेचे बूट फेकून अनवाणी नाचल्या आणि आधुनिक नृत्याच्या इतिहासात त्यांना मोठं स्थान मिळालं. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये ट्रिशा ब्राऊन यांनी नर्तकांना इमारतींच्या गच्च्यांवर उभं करून नाच बसवला. नाच थिएटरबाहेर रोजच्या जागांमध्ये आणला म्हणून त्याची आजही चर्चा होते. मला या दोघींबद्दल आदरच आहे. पण ज्या काळात अख्खी फळी पुरुषांची होती तेव्हा खळ्यावर आणि जत्रेत उभ्या राहिलेल्या आपल्या तालुक्यातल्या बाईंना प्रयोगशील असं कुणी म्हटलं नाही. त्यांना म्हटलं गेलं नाची.

पवळाबाईंच्या गोष्टीत दुसरं मोठं नाव येतं ते शाहीर पठ्ठे बापूराव यांचं. खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष, आताच्या सांगली जिल्ह्यातलं. ब्राह्मण घर, कुलकर्णीपणाचं वतन, बऱ्यापैकी शिक्षण. पण त्यांचा जीव रमायचा तो तमाशात. बहुतेक कलावंत महार आणि मांग समाजातले. त्यांच्यात उठणं-बसणं, खाणं-पिणं करायचं म्हणजे त्या काळी घराचे दरवाजे बंदच. बापूरावांनी वतन सोडलं, सोवळं सोडलं आणि फड उभा केला. त्यांनी शेकडो लावण्या रचल्या, वग लिहिले. लावणी त्यांच्या हाताला वश होती असं म्हणतात.

अशा या शाहिराच्या फडात पवळाबाई आल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत या जोडीने महाराष्ट्र गाजवला. बापूरावांचे शब्द आणि पवळाबाईंचा गळा, बापूरावांचा सवाल आणि पवळाबाईंची अदा. बापूरावांचा मिठाराणीचा वग तर फार गाजला. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापूरला छत्रपती शाहू महाराजांच्या राजवाड्यात तो सादर करायचा मान बापूरावांच्या फडाला मिळाला. मुंबईत गिरण्या जोरात होत्या. घाटावरून, कोकणातून पोटासाठी आलेला कामगार दिवसभर मागावर उभा राहायचा आणि रात्री गावची आठवण म्हणून तमाशाला गर्दी करायचा. खळ्यावरचा खेळ असा चाळींच्या शहरात आला. ज्या गावाला तेव्हा रेल्वे नव्हती (संगमनेरला आजही नाही!) तिथली एक मुलगी मुंबईची नामचंद पवळा झाली.

बापूराव आणि पवळाबाई एकत्र राहत होते. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी. सनातनी मंडळींचा तिळपापड झाला. बापूरावांना जातीबाहेर टाकल्यासारखंच झालं. पण मला इथे एक गोष्ट खटकते. बापूरावांबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे त्याग. त्यांनी कलेसाठी जात सोडली, वतन सोडलं, घर सोडलं. हे खरंच आहे आणि मोठंही आहे. पण सोडायला आधी काहीतरी हातात असावं लागतं. पवळाबाईंच्या हातात ना वतन होतं, ना सोवळं. त्यामुळे त्यांनी जे दिलं त्याला त्याग म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. बापूराव खाली उतरले म्हणून ते मोठे झाले. पवळाबाई वर चढल्या, तरी त्या बापूरावांची पवळाच राहिल्या. दोघं एकाच बोर्डावर उभे होते, पण दोघांच्या पायाखालची जमीन सारखी नव्हती.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड प्रसंग. १९२७ साल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यासाठी सत्याग्रह सुरू केला होता. २० मार्चला हजारो लोकांनी तळ्याचं पाणी प्याल्यावर तो लढा आणखी पेटला होता, पैशांची गरज होती. त्या काळात पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला द्यायची तयारी दाखवली. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. आपल्या समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा आपल्याला नको, अशी त्यांची भूमिका होती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. ज्या बाई रात्र रात्र नाचल्या त्यांची कमाई अपवित्र कशी? पाण्यासाठीचा लढा तर त्यांचाही होता! हिवरगावच्या पाणवठ्यावर त्यांनाही तीच वागणूक मिळाली असणार. मग त्यांच्या घामाचा पैसा का नको?

मग अजून वाचलं, आणि दुसरी बाजू दिसायला लागली. बाबासाहेबांचा प्रश्न एका पवळाबाईंपुरता नव्हता. कोणत्या जातीच्या मुली मुरळ्या व्हायच्या? फडात नाचायला कोणत्या वस्तीतल्या बायका उभ्या राहायच्या? आणि पैसे उधळायला समोर कोण बसायचं? हे आपोआप ठरत नव्हतं, जात ठरवत होती. ज्या समाजात बाईच्या इज्जतीवरून पूर्ण समाजाला हिणवलं जातं, तिथे स्वाभिमानाची चळवळ उभी करणाऱ्या नेत्याला तो पैसा घेणं म्हणजे त्या व्यवस्थेला मान्यता देणं वाटलं असेल. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. १९३६ साली मुंबईत बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्या सभेत भाषण केलं आणि हे जिणं सोडण्याचं आवाहन केलं. त्याच सुमारास आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. गंमत अशी की जलशाने तमाशाचाच साचा घेतला, तीच ढोलकी, तोच सवाल-जवाब, तेच खळं आणि तेच मैदान. फक्त शृंगार आणि नर्तकी बाजूला ठेवली आणि त्या जागी शिक्षण, संघटना, हक्क हे विषय आणले.

म्हणजे कला नको होती असं नाही. कलेच्या नावाखाली चालणारी गुलामी नको होती. पण या सगळ्या हिशोबात पवळाबाई कुठे राहिल्या? वरच्या जातींनी त्यांची कला बघितली पण त्यांना मान दिला नाही. आणि स्वतःच्या समाजाच्या लढ्यात त्यांना जागा मिळायला त्यांची कलाच आड आली. त्या दोन्हीकडे परक्या! बरोबर कोण आणि चूक कोण, याचं उत्तर परीक्षेतल्या न्यूमरिकलसारखं दोन ओळी मारून देता येत नाही. बाबासाहेबांचा नकार मला आज पटतो. आणि पवळाबाईंबद्दलचा अभिमानही कमी होत नाही. या दोन्ही गोष्टी एका मनात एकत्र राहू शकतात, हे मला या अभ्यासातून शिकायला मिळालं. आपल्या सिलॅबसमध्ये हे कुठे नाही.

पुढे बापूराव आणि पवळाबाई यांची ताटातूट झाली. जोडी फुटली तसा फडाचा रंगही उतरत गेला. बोलपटांचे दिवस आले, लोकांची आवड बदलली. १९३९ साली पवळाबाई गेल्या. बापूराव १९४५ साली पुण्यात गेले, तेही हलाखीतच. ज्यांच्या नावावर मैदानं भरली त्या दोघांच्याही म्हातारपणी खिसा रिकामा. मला वाटतं हे फक्त त्या दोघांचं नशीब नाही. खळ्यावरच्या कलेचा हिशोब कुणी वहीत ठेवत नाही. खेळ संपला की जमीन झाडली जाते आणि सकाळी तिथे पुन्हा धान्य येतं.

१९५० साली राजा नेने यांनी पठ्ठे बापूराव नावाचा सिनेमा काढला. नाव बापूरावांचं. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात तमाशावर काही दिवस बंदीही आली होती. नंतर ती उठली, पण वगात काय बोलायचं आणि काय नाही ते सरकारी तपासणीतून जाऊ लागलं. तरी फड उभे राहिले, आणि गंमत बघा, आता ते बाईच्या नावावर चालू लागले! नारायणगावच्या विठाबाई (१९३५ ते २००२) यांना तर राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. आपल्या संगमनेरला राहिलेल्या कांताबाई सातारकर यांनी फडात पुरुषांच्या, अगदी राजांच्या भूमिकाही गाजवल्या. २०२१ साली त्यांचं निधन झालं. म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं. एके काळी पुरुष बाईचं काम करायचे, नंतर बाई छत्रपती साकारू लागली. या वाटेची पहिली पायरी म्हणजे पवळाबाई.

अलीकडे पवळाबाईंवर पुन्हा लिहिलं जातंय. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात शिकवणाऱ्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ साली द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट हे पुस्तक लिहिलं. तमाशातल्या दलित स्त्रियांचा तो अभ्यास आहे आणि त्यात पवळाबाईंना महत्त्वाचं स्थान आहे. २०२४ साली पाईक मॅडमना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. हिवरगावच्या टोलनाक्यावर आपण झोपा काढतो आणि तिथल्या बाईंवर सातासमुद्रापार अभ्यास होतो, म्हणजे कमालच आहे की नाही!

आता शेवटचं, आपल्याबद्दल. मागे एकदा गॅदरिंगच्या प्रॅक्टिससाठी हॉल मिळत नव्हता, म्हणून आम्ही मेसमधली टेबलं भिंतीला लावून रात्री नाच बसवायचो. फरशी थंडगार, वर ट्यूबलाईट, कोपऱ्यात ताटांचा ढीग. मोबाईलवर गाणं लावायचं आणि सुरू! आमच्यातल्या एकीने ढोलकीची लावणी करायची म्हटल्यावर आमच्यातूनच दोघी-तिघी बोलल्या की हे जरा चीप वाटेल, दुसरं काहीतरी कर. तिने मग सिनेमातलं गाणं घेतलं. कपडे लावणीपेक्षा कमी होते, पण त्याला कुणी चीप म्हटलं नाही! त्या दोघी-तिघींत मीही होते. तेव्हा मला पवळाबाई माहीत नव्हत्या. आता माहीत आहेत, आणि आता कळतं की चीप हा शब्द नाचातून आलेला नव्हता. नऊवारी नेसून ढोलकीवर कोण नाचत आलंय, हे आपल्या मनात कुठेतरी बसलेलं आहे. तो शब्द तिथून आलेला होता.

म्हणून यंदा तिला मी स्वतः जाऊन सांगितलं आहे की लावणीच कर. मेसमधली टेबलं मी हलवते. पोळ्यांच्या मावशींनी चाळ मिळवून द्यायचं कबूल केलंय, आणि त्या स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहेत.

पुढच्या वेळी सुट्टीला जाताना हिवरगाव पावसा आलं की एक मिनिट हेडफोन काढा. दीडशे वर्षांपूर्वी इथल्याच एका घरातली मुलगी अंगणात नाचायला लागली आणि खळ्यावरून, जत्रेवरून, राजवाड्यापासून गिरणगावापर्यंत पोचली. तिच्या नावाचा टोल आपण अजून भरलेला नाही.

पवळाबाईंना मानाचा मुजरा!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल